मामाचा सल्ला

सरकारी छापखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर मुद्रितं तपासणाऱ्यांची एक लांबट खोली होती. खिडक्या सगळ्या उत्तरेला, त्यामुळे उजेड भरपूर आणि ऊन औषधालाही नाही. तिथे दोघादोघांच्या जोड्या बसत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर नजर ठेवायची. वाचणारा शब्दांबरोबर चिन्हंही वाचायचा. "सदर अधिनियमान्वये नेमलेला अधिकारी स्वल्पविराम अथवा त्याचा प्रतिनिधी स्वल्पविराम यांस पूर्वसूचना देऊन पूर्णविराम." बाहेरचा माणूस तासाभरात वेडा झाला असता. आतली माणसं त्यातच पोटापाण्याला लागली होती.

या खोलीत जवळजवळ चाळीस वर्षं काढलेल्या एका माणसाला सगळे 'स्वल्पविराम' म्हणत. एक तर इतरांच्या नजरेतून निसटलेला स्वल्पविराम त्याला दुरून दिसे. दुसरं म्हणजे बोलताना तो वाक्याच्या मधेच थांबे, आणि थांबे तो असा की समोरच्याला वाटावं, झालं बहुतेक बोलून. समोरचा उठायला लागला की हा उरलेलं अर्धं वाक्य काढी.

घरी मात्र तो नुसता मामा होता. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणारे एकेक करून दमले. दोन खोल्या, भिंतीला लावलेली पुस्तकं, एक खुर्ची स्वतःला आणि एक येणाऱ्याला. थोरली बहीण, म्हणजे ताई, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिचे यजमान, म्हणजे भावजी, शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करत. हाताला कायम कुठेतरी चिकटपट्टी, आणि बोलणं मोजून मापून. त्या घरात मामाचा मान मोठा होता, कारण मामा शिकता शिकता राहिलेला माणूस होता. ही गोष्ट ताईने येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगितली होती की तिला एक ठरलेली चाल आली होती. अठराव्या वर्षी त्याला लांबच्या, जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठातून प्रवेशाचं पत्र आलं. राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र, तिन्ही एकत्र शिकवणारी पदवी. त्याच महिन्यात वडिलांचं अर्धं अंग गेलं, आणि या पोराने पत्र बाजूला ठेवून छापखान्याची नोकरी धरली. "घरासाठी केलं हो त्याने," असं म्हणून ताई दर वेळी डोळे पुसायची.

खरी गोष्ट जरा वेगळी होती. ती एकट्या मामाला ठाऊक होती. वडिलांनी अंथरुणावरून, वाकड्या झालेल्या तोंडाने, त्याला "जा" म्हटलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. आई धडधाकट होती, ताई गावातच होती. जाता आलं असतं. पण पत्राबरोबर विद्यापीठाने पहिल्या सत्रात वाचायच्या पुस्तकांची चार पानी यादी पाठवली होती, आणि त्यातलं एक नावदेखील त्याने ऐकलेलं नव्हतं. ती यादी वाचून त्याने जायची धास्तीच घेतली. वडिलांच्या दुखण्याने त्याला न जायला एक चांगलं, चारचौघांत सांगण्यासारखं कारण दिलं. ते त्याने जे धरलं ते पुन्हा सोडलं नाही. वडील त्यानंतर सात वर्षं जगले आणि त्याबद्दल त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

ताईची मुलगी तीन वर्षांची असताना मामा तिला बाजारात घेऊन गेला होता. चौकात दिवा लाल झाला, दोघं थांबली.

"का थांबायचं?"

"नियम आहे म्हणून."

"कोणी केला?"

"सरकारने."

"सरकारला कोणी केलं?"

दिवा हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, तरी मामा तिथेच हसत उभा. त्या दिवसापासून तिचं नाव काबाई पडलं, आणि त्या दिवसापासून ती मामाची झाली. आई-बापाने वाढवली खरी, पण तिच्या डोक्याची मशागत मामाने केली. दर रविवारी सकाळी नऊला ती त्याच्या खोलीवर हजर. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, एक बातमी निवडायची आणि भांडायचं. नियम एकच होता. जो हरेल त्याने पुढच्या रविवारी दुसऱ्याची बाजू घेऊन भांडायचं. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती मामाला हरवायला लागली. मामा हरला की त्याला आठवडाभर बरं वाटायचं. कामावर जोडीदाराला सांगायचा, "काल पुन्हा माझी धुलाई झाली."

तेव्हा तिने अठराव्या वर्षी त्याच पदवीसाठी अर्ज केले यात कोणाला नवल वाटलं नाही. अर्जासोबतचा निबंध तिने स्वतः लिहिला. मामाने फक्त स्वल्पविराम सुधारले, आणि तेही तीनच.

तीन ठिकाणांहून होकार आला. पहिलं, दोन दिवसांच्या प्रवासावरचं तेच जुनं विद्यापीठ. तिथे दर आठवड्याला एक निबंध लिहायचा आणि दोन विद्यार्थी, एक शिक्षक अशा तिघांनी बसून तो फाडायचा. राहण्या-जेवणासकट शिष्यवृत्तीही त्यांनी दिली होती. दुसरं, शेजारच्या मोठ्या शहरातलं नवं विद्यापीठ, काचेच्या इमारतींचं. त्यांच्या माहितीपत्रकात अभ्यासापेक्षा फोटो जास्त होते, आणि काबाईने ते त्याच दिवशी बाजूला टाकलं. तिसरं गावातलं, बसने वीस मिनिटांवर. तिथे तत्त्वज्ञान शिकवणारे विभागप्रमुख मामाचे शाळेपासूनचे, वयाने चार-पाच वर्षं मोठे मित्र होते. तीन आठवड्यांच्या आत एकाला होकार कळवायचा होता. तो कळवला की बाकीच्या जागा आपोआप दुसऱ्यांना जाणार.

लांबच्या विद्यापीठाचं उत्तर आलं त्या संध्याकाळी काबाई मामाकडे धावतच आली. छापून आणलेले कागद तिने त्याच्या मांडीवर टाकले. त्यात वाचायच्या पुस्तकांची यादी होती. आता ती सहा पानी झाली होती.

"मामा, बघ तरी! यातलं एकही पुस्तक मला माहीत नाही. एकसुद्धा नाही!"

आणि ती हसत होती. आनंदाने तिचा चेहरा नुसता फुलून आला होता. मामाने यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं. त्याला वाटलं, वय झालं, जिना भरभर चढलो की होतं असं. पण तो जिना चढलेलाच नव्हता, ती चढून आली होती.

"छान," तो म्हणाला. मग बराच वेळ थांबला. "घाई करायची नाही. तिन्हीचा नीट विचार करू."

त्या गुरुवारी तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून गावातल्या विद्यापीठात गेला. मित्राकडून अभ्यासक्रमाची माहिती काढायची, एवढाच हेतू होता, निदान स्वतःला त्याने तसं सांगितलं. उपाहारगृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोघं बसले. प्राध्यापक थकल्यासारखे दिसत होते.

"भाची तुझी हुशार आहे, मी निबंध वाचला तिचा," ते म्हणाले. "म्हणूनच सांगतो. तिला इथे पाठवू नकोस."

"का?"

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. माझी जागा भरणार नाहीत, तसं पत्र आलंय वरून. धाकटी बाई होती ती आत्ताच दुसरीकडे गेली. म्हणजे तत्त्वज्ञान बंद. पहिलं वर्ष कसंबसं ढकलतील, मग या मुलांना अर्थशास्त्रात नाहीतर वाणिज्यात कोंबतील. जाहीर व्हायचंय अजून, चारचौघांत बोलू नकोस. पण तिला सांग. तिला नक्की सांग."

"सांगतो," मामा म्हणाला.

बसमध्ये त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. घरी पोचेपर्यंत त्याने तिला सांगायचं वाक्य मनात तीनदा जुळवलं आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी सुधारणा केली. शुक्रवारी ती भेटली नाही. शनिवारी भेटली, पण बरोबर मैत्रीण होती. तसं मैत्रिणीदेखत सांगता आलं असतं. पण मैत्रिणीदेखत सांगू नये असं त्याला त्या क्षणी फार प्रकर्षाने वाटलं.

रविवारी ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. काबाईने दोन विद्यापीठांचे कागद समोरासमोर मांडले. ताई भाजी निवडत होती. भावजी हातातलं काहीतरी यंत्र खोलून बसले होते, पण कान इकडेच होते.

"मामा, तू सांग. तुझ्याइतकं या विषयातलं आमच्यात कोणाला कळत नाही."

मामाने खिशातून लाल पेन्सिल काढली. आणि तो बोलला. आयुष्यात इतकं सलग, न थांबता, तो पूर्वी कधी बोलला नव्हता.

लांबच्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षी तीनातला एक विषय सोडावा लागतो, हे त्याने तिला कागदावर दाखवलं. आणि तिथे गेलेली बहुतेक मुलं कुठला विषय सोडतात? तत्त्वज्ञान. म्हणजे जो विषय तुला सगळ्यात जवळचा, तोच तिथे पहिला बळी जाणार. गावात तिन्ही विषय शेवटपर्यंत आहेत. तिथे नावाला भुलून आलेली शेकडो मुलं, इथे वर्गात पंधरा. शिक्षक घरचा. आणि नाव बघून काही निवडायचं नाही, हे तर तुझंच म्हणणं आहे ना? गेल्याच महिन्यात माझ्याशी यावरून भांडलीस. मग आता नाव बाजूला काढ आणि उरतं काय ते बघ.

कागदावर एकेक कारण खरं होतं. गुरुवारी उपाहारगृहात ऐकलेलं तेवढं त्यात नव्हतं. काबाईला भावनेने कोणी हलवू शकत नसे, पण मुद्द्याला मुद्दा लागला की ती प्रामाणिकपणे माघार घेई. हे तिला मामानेच शिकवलं होतं, आणि आज त्याने त्याचाच वापर केला.

भावजींनी पेचकस खाली ठेवला. "मला वाटतं जाऊ द्यावं तिला लांब," ते म्हणाले. "चार माणसं बघेल. इथे काय आहे?"

"भावजी, चार माणसं बघायला प्रवास पुरतो, पदवी कशाला लागते?" मामा म्हणाला. ताई हसली. काबाईसुद्धा हसली.

"तुम्ही शिकलेले," भावजी एवढंच म्हणाले आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं.

"म्हणजे तुझं मत पक्कं?" काबाईने विचारलं. "तू माझ्या जागी असतास तर इथेच राहिला असतास?"

मामा थांबला. नेहमीसारखाच थांबला, म्हणून कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

"हो," तो म्हणाला. "इथेच."

मंगळवारी तिने गावातल्या विद्यापीठाला होकार कळवला.

पहिलं वर्ष मामाच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष ठरलं, आणि हेच पुढे त्याला सगळ्यात जास्त टोचलं. दर रविवारी ती निबंध घेऊन यायची. न्याय म्हणजे काय, बहुमत चुकलं तर काय करायचं, बाजारभाव कोण ठरवतं. मामा ग्रंथालयातून तीच पुस्तकं आणून बस स्टॉपवर, जेवणाच्या सुट्टीत, मिळेल तिथे वाचायचा. छापखान्यात जोडीदार वाचत असायचा, "पोटनियम चार स्वल्पविराम," आणि याचं डोकं तिच्या निबंधात. चाळिशीपासून आलेलं पोक जरा सरळ झालं. जोडीदार एकदा म्हणाला, "भाची शिकतेय की तुम्ही?" मामा लाजला. प्राध्यापकांनी कँटीनमध्ये सांगितलेलं त्याला आठवायचं, नाही असं नाही. पण सरकारी कारभार, पत्रं निघतात आणि फिरतात, कदाचित नाहीही बंद करणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. मित्राकडे जाणं मात्र त्याने बंद केलं.

पत्र फिरलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला सूचना लागली. तत्त्वज्ञान विभाग बंद, संयुक्त पदवी स्थगित, विद्यार्थ्यांनी पंधरा दिवसांत अर्थशास्त्र किंवा वाणिज्य यांपैकी एक निवडावं. त्याच आठवड्यात, वर्षभर साठलेल्या रजेवर असलेल्या प्राध्यापकांचा निरोप समारंभ झाला; पहिल्या वर्षाला तासावरचे शिक्षकच शिकवत होते. काबाई फुलं घेऊन गेली. म्हातारा तिला बघून चमकला.

"तू? तू इथे कशी? मी तर तुझ्या मामाला तेव्हाच सांगितलं होतं, तिला इथे पाठवू नकोस म्हणून."

ती तिथून सरळ छापखान्यात आली. दुपारची वेळ होती. दारवान तिला ओळखत होता, त्याने वर सोडलं. खोलीत दहा-बारा जोड्यांचा एकसुरी आवाज चालू होता. तिला दारात बघून मामाने हात वर केला आणि जोडीदार वाक्याच्या मधेच थांबला. मामा बाहेर आला. जिन्याजवळ कागदाची रिळं रचून ठेवली होती, तिथे दोघं उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"मामा, काय म्हणून विचारू नकोस. माहीत होतं का?"

"नक्की नव्हतं तेव्हा," मामा म्हणाला. "म्हणजे... जाहीर झालं नव्हतं."

"प्राध्यापक काकांनी तुला स्पष्ट सांगितलं होतं. मला सांग असंही म्हणाले होते. होकार कळवायच्या आधी पाच दिवस."

खालच्या मजल्यावर यंत्र सुरू झालं आणि जिना थरथरायला लागला. मामाला वाटलं, या आवाजात बोलता येणार नाही. तेवढंच निमित्त. ती थांबली. यंत्र दोन मिनिटांनी बंद पडलं.

"का?" ती म्हणाली.

तीन वर्षांची असल्यापासून तिने हा शब्द त्याला हजारो वेळा विचारला होता. प्रत्येक वेळी त्याच्याकडे काही ना काही उत्तर असायचं, आणि नसलं तर पुढच्या रविवारपर्यंत तो शोधून ठेवायचा. आता उत्तर होतं, अगदी एका शब्दाचं होतं, पण ते तोंडातून बाहेर पडेना. तो म्हणाला, "मला वाटलं, तुझ्या भल्याचंच..." आणि थांबला.

ती वाट बघत राहिली. त्याच्या थांबण्याची तिला सवय होती, पुढचा अर्धा भाग येतो हे तिला माहीत होतं. तो आला नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही जा आत. काम असेल तुम्हाला."

ती जिना उतरून गेली. मामा तिथेच उभा. जन्मापासून ती त्याला 'अरे मामा' म्हणत आली होती. आईला अगं, मामाला अरे. 'तुम्ही' ती वडिलांना म्हणायची, शिक्षकांना म्हणायची, दुकानदाराला म्हणायची. आत येऊन तो जागेवर बसला. जोडीदाराने विचारलं, "काय हो, सगळं ठीक?" मामाने मान हलवली, आणि वाचन पुढे सुरू झालं. त्या दिवशी त्या कागदात चार चुका राहिल्या. त्याच्या नोकरीत पहिल्यांदा वरून विचारणा झाली.

काबाईने लांबच्या विद्यापीठाला लिहून बघितलं. सभ्य उत्तर आलं. पुन्हा नव्याने अर्ज करावा, मात्र शिष्यवृत्ती फक्त शाळा संपवून प्रथमच प्रवेश घेणाऱ्यांसाठी असते. नव्या विद्यापीठाने तर उत्तरच दिलं नाही. तिने अर्थशास्त्र घेतलं. ते तिला नीट जमायचं, पण नुसतं जमायचं. घरात आदळआपट केली नाही, रडली नाही. आईला आणि वडिलांना मामाबद्दल एक शब्द सांगितला नाही. रविवारी येणं बंद झालं. "अभ्यास वाढलाय तिचा," ताई म्हणायची, आणि मामा "हो, असणारच," म्हणायचा.

पदवी झाल्यावर दुसऱ्या शहरातल्या एका विमा कंपनीत तिला नोकरी लागली. लोकांचे अपघाताचे अर्ज वाचायचे आणि कुठला नियम कुठे लागत नाही ते शोधायचं. सहा जणींच्या खोलीत एक टेबल तिचं. ताईला हे पटत नव्हतं. "मामाने एवढं समजावून दिलं, घरचा शिक्षक मिळवून दिला, आणि हिने सगळं सोडून अर्ज तपासायची नोकरी धरली," असं ती फोनवरदेखील मुलीला ऐकवायची. मुलगी ऐकून घ्यायची.

मामाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला ती आली. आईने बोलावलं म्हणून आली असावी. छापखान्याच्या तळमजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, बिस्किटं होती, चहा होता. व्यवस्थापकांनी भाषण केलं. चाळीस वर्षं या माणसाच्या हाताखालून गेलेल्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाने चोरून मागच्या रांगेत बघितलं. तीही टाळ्या वाजवत होती, इतरांइतक्याच.

नंतर तो तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला गेला. ती नको म्हणाली नाही. संध्याकाळचे पाच वाजले होते, शाळा सुटून मुलं रस्ताभर पसरली होती. थोडा वेळ हवापाण्याचं बोलणं झालं. तिची खोली कशी आहे, डबा मिळतो का, त्याचे डोळे कसे आहेत. मग बोलायचं संपलं, आणि मामाने जिन्याजवळ राहून गेलेला शब्द काढला.

"मला हेवा वाटला होता," तो म्हणाला. "तुझा. ती यादी घेऊन तू आलीस ना, तेव्हा. तू घाबरली नव्हतीस. मी घाबरलो होतो. मला वडिलांनी अडवलं नव्हतं, ते जा म्हणाले होते. मीच गेलो नाही. आणि तू जाणार, हे... हे मला बघवेना."

हे सगळं बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटेल असा त्याचा अंदाज होता. हे वाक्य त्याने चार वर्षं घासून पुसून ठेवलं होतं. तिने ऐकलं. रस्त्याकडे बघतच ऐकलं.

"मला साधारण अंदाज होता," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही कबूल करायला हवं होतं, मी नव्हे."

"आता केलं."

"माझ्यापाशी केलंत." ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "मामा, मला हे सांगून काही उपयोग नाही. मला माहीतच होतं. आईला सांगा. तिला वाटतं तुम्ही माझ्यासाठी जिवाचं रान केलंत आणि मी माती केली. दर आठवड्याला ऐकते मी. बाबा तर स्वतःलाच दोष देतात, आपण अडाणी, आपल्याला त्या दिवशी नीट बोलता आलं नाही म्हणून. त्यांना सांगा. मग बघू."

"सांगतो," मामा म्हणाला.

बस आली. ती चढली. खिडकीतून तिने हात केला, कोणीही ओळखीच्या माणसाला करतो तसा.

पुढच्या रविवारी मामा ताईकडे गेला. या वेळी वाक्य जुळवायची गरज नव्हती, ते तयार होतं. भावजी बाहेर बाकावर बसून पंख्याची मोटार पुसत होते. त्याला बघून ते उठून उभे राहिले. निवृत्त झालेल्या माणसाला मान द्यायचा असतो असं त्यांना वाटलं असावं. "या, या," ते म्हणाले. "आता काय, मोकळे तुम्ही."

ताईने त्याला आतल्या चांगल्या खुर्चीत बसवलं. चहा टाकला. पाठमोरी राहूनच बोलत होती.

"परवा सगळे काय चांगलं बोलले रे तुझ्याबद्दल. मी तर रडलेच. आई-वडील असायला हवे होते. आमच्या पोरीला म्हटलं, बघ, याला म्हणतात माणूस. स्वतःचं शिक्षण घरासाठी सोडलं आणि तुझ्या शिक्षणासाठी झिजला. तिने काही केलं नाही त्याचं, जाऊ दे, तिचं नशीब. पण तू होतास म्हणून ती एवढी तरी उभी राहिली. हो की नाही?"

भावजी दारात येऊन उभे राहिले होते, हातात तेलकट फडकं घेऊन. तेही मान हलवत होते.

"ताई," मामा म्हणाला.

"काय रे?"

तो थांबला. ताई कप हातात धरून त्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. भावजीही. त्या घरात त्याचं बोलणं कोणी कधी तोडत नसे, हवा तेवढा वेळ देत. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवून गेलं. भावजींच्या हातातलं फडकं खाली पडलं, ते त्यांनी उचललं, घडी केली.

"साखर जरा कमी घाल," मामा म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"अगंबाई! आधी नाही का बोलायचं?" ताईने कप परत घेतला, बेसिनमध्ये ओतला आणि नवं आधण ठेवलं. भावजी पुन्हा बाहेर जाऊन मोटारीपाशी बसले. दुसरा चहा झाला तो मामाने सावकाश प्यायला, आणि पुढच्या रविवारीही तो गेला, आणि त्याच्या पुढच्याही. काबाईचा फोन कधीकधी त्याच वेळी येई. ताई म्हणायची, "मामा आलाय, बोलतेस का?" पलीकडून काहीतरी उत्तर यायचं, आणि ताई फोन कानापासून दूर धरून सांगायची, "घाईत आहे ती. नमस्कार सांगितलाय तुला."